सुकतीचे तास आणि संगणकाचे रन: ॲडॅप्टिव्ह सॅम्पलिंगची चार पॅकेजं, गोव्याच्या कामांवर पारखून

एसपीसर्व्हे, क्रिगइन्व, टीजीपी आणि हेटजीपी. आर या संगणकभाषेतली ही चारही पॅकेजं मोफत आहेत, त्यामुळे किमतीचा मुद्दा इथे नाही. खर्च होतो तो सुकतीच्या, म्हणजे ओहोटीच्या, मोजक्या तासांचा, प्रयोगशाळेत जाणाऱ्या बाटल्यांचा आणि रात्रभर चालणाऱ्या संगणकाचा. म्हणून ही पारख गोव्यात खरोखर निघणाऱ्या कामांवर केली आहे. जुवारी नदीच्या पात्रातल्या चिखलपट्ट्यांत तिसऱ्या, म्हणजे खायचे शिंपले, किती आहेत, डिचोली-सत्तरीच्या खाणपट्ट्यातल्या विहिरींत मँगेनीज किती आहे, आणि मानशीच्या (बांधातल्या पाणवाटेच्या) दारांमागे खाजनात, म्हणजे बांध घालून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीत, किती खारं पाणी शिरेल. पहिली दोन कामं चिखलात आणि गावात जाऊन करायची, तिसरं संगणकावर.

पहिल्या मोजणीत जे सापडलं त्यावरून पुढची मोजणी कुठे करायची ते ठरवणं, म्हणजेच ॲडॅप्टिव्ह सॅम्पलिंग, हा या सगळ्यातला समान धागा. पण फील्डवर आणि संगणकावर त्याचा हिशेब अगदी वेगळा होतो, आणि पॅकेज निवडताना सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. फील्डवर तुम्ही जिथे जास्त सापडलं तिथे आणखी खणता, तेव्हा प्रत्येक जागा निवडली जाण्याची शक्यता सारखी राहत नाही. ही शक्यता हिशेबात धरणारं सूत्र वापरलं नाही तर आकडा फुगतो. संगणकावर गाउसियन प्रोसेस हे मॉडेल मध्ये उभं असतं: मोजलेल्या बिंदूंवरून बाकी ठिकाणचं उत्तर आणि त्यातली शंका ते सांगतं. बिंदू दाटीने घेतले म्हणून त्याचा अंदाज आपोआप फुगत नाही, मात्र मॉडेलचं गृहीतक चुकलं तर बिंदूंची दाटी भलत्याच जागी होते आणि तुम्हाला ते कळतही नाही. चारही पॅकेजं आपापल्या बाजूचं काम चोख करतात. आपण कोणत्या बाजूला आहोत हे मात्र त्यातलं एकही विचारत नाही.

एसपीसर्व्हे: तिसऱ्यांसाठी

आधी एक उणीव. स्टीव्हन थॉम्पसन यांनी १९९० साली मांडलेली ॲडॅप्टिव्ह क्लस्टर पद्धत या पॅकेजात नाही. त्यात आहे ती जीआरटीएस, म्हणजे नकाशाभर समतोल पसरलेली यादृच्छिक निवड, जी स्टीव्हन्स आणि ऑल्सन यांनी २००४ मध्ये मांडली. तरीही तिसऱ्यांच्या कामाला आम्ही हेच पॅकेज सुचवतो, कारण थोडी जोड दिली की थॉम्पसन यांची पद्धत त्यात व्यवस्थित बसते. ती कशी, ते सविस्तर सांगण्यासारखं आहे.

तिसऱ्या चिखलात सारख्या पसरलेल्या नसतात. मोठा पट्टा रिकामा जातो आणि मग एखाद्या ठिकाणी थरच लागतो. समजा ४ हेक्टरची चिखलपट्टी आहे. तिचे १० मीटर बाजूचे ४०० खण पाडा. प्रत्येक खणात ५० सेंटिमीटर बाजूच्या ४ चौकटी, म्हणजे एकूण १ चौरस मीटर. या चौकटींच्या जागा पाहणीला उतरण्यापूर्वीच ठरलेल्या हव्यात, उदाहरणार्थ खणाच्या मध्यापासून चार दिशांना प्रत्येकी २ मीटरवर. चिखलात उभं राहून "इथे बरं दिसतंय" म्हणत चौकट टाकली की सगळं गणित तिथेच मोडतं. चौकटीतला १५ सेंटिमीटर खोल चिखल काढायचा, चाळायचा, मोजायचं.

सुरुवातीला २० खण जीआरटीएसने निवडायचे. मग अट: खणात ५ किंवा जास्त तिसऱ्या मिळाल्या तर त्याच्या वरचा, खालचा, डावा, उजवा असे चारही शेजारी तपासायचे. त्यातल्या कुणात पुन्हा ५ मिळाल्या तर त्याचेही शेजारी. अट पूर्ण करणाऱ्या, एकमेकांना चिकटलेल्या खणांचं जाळं बनतं आणि त्याभोवती अट न भरणारे कडेचे खण येतात.

आता हिशेबाचं उदाहरण. आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. २० पैकी १८ खण रिकामे गेले. एक खण ६ खणांच्या जाळ्यात पडला, ज्यात एकूण ९० तिसऱ्या आहेत. एक खण २ खणांच्या जाळ्यात पडला, ज्यात १० आहेत. पहिलं जाळं २ बाय ३ चं असेल तर त्याला कडेचे १० खण, दुसऱ्याला ६. म्हणजे तपासलेले खण एकूण २० अधिक ६ अधिक १६, म्हणजे ४२. सरळ सरासरी काढली तर १०० भागिले ४२, खणामागे २.३८ तिसऱ्या, आणि ४०० खणांत मिळून सुमारे ९५२. हा आकडा चुकीचा आहे.

बरोबर रीत अशी. सुरुवातीच्या प्रत्येक खणाला त्याच्या स्वतःच्या आकड्याऐवजी त्याच्या जाळ्याची सरासरी द्यायची. पहिल्या जाळ्याची १५, दुसऱ्याची ५, बाकी १८ ना शून्य. बेरीज २०, भागिले सुरुवातीचे २० खण, म्हणजे खणामागे १. चार हेक्टरांत मोजलेल्या चौकटींच्या हिशेबाने ४००. सरळ सरासरी दुपटीपेक्षा जास्त फुगली होती. दुसरं सूत्र जाळ्यात पाऊल पडण्याची शक्यता धरतं: यादृच्छिक २० खण निवडले तर ६ खणांचं जाळं सापडण्याची शक्यता सुमारे ०.२६६, आणि २ खणांचं सापडण्याची ०.०९८. ९० ला ०.२६६ ने आणि १० ला ०.०९८ ने भागून बेरीज केली की साधारण ४४०. दोन्ही सूत्रं निःपक्षपाती आहेत, म्हणजे पाहणी पुन्हापुन्हा केली तर सरासरीने खऱ्या आकड्यावर येतात. ती एकाच आकड्यावर यावीत अशी अपेक्षा ठेवू नका.

पहिल्या सूत्राची प्रमाण त्रुटी या उदाहरणात ०.७६ येते. सरासरी १ आणि त्रुटी ०.७६ म्हणजे सुरुवातीचे २० खण फार कमी आहेत. जाळी कितीही मोठी सापडली तरी ती उणीव भरून निघत नाही. अचूकता सुरुवातीच्या खणांच्या संख्येवर अवलंबून असते, नंतर जोडलेल्या खणांवर तितकी नाही. नवीन लोक नेमकं उलट करतात: सुरुवातीला १० खण घेतात आणि सापडलेल्या थरात दिवसभर खणत बसतात.

आता एसपीसर्व्हेची जोड. जाळ्याची सरासरी ही सुरुवातीच्या खणाची एक नवी स्तंभनोंद म्हणून भरा, कडेचे आणि नंतर जोडलेले खण त्या तक्त्यातून काढून टाका, आणि हा २० ओळींचा तक्ता पॅकेजच्या सलग-संख्यांच्या विश्लेषणाच्या फंक्शनला द्या. वजनं जीआरटीएसने दिलेली तशीच ठेवा, विचरणाचा प्रकार 'लोकल'. पहिलं सूत्र इतक्यावर पूर्ण होतं आणि वर जीआरटीएसच्या पसरलेल्या निवडीचा फायदाही मिळतो. दुसऱ्या सूत्रासाठी मात्र ही वाट धरू नका. त्यातली ०.२६६ ही शक्यता साध्या यादृच्छिक निवडीवरून काढलेली आहे, जीआरटीएसला ती लागू नाही. जाळी ओळखायला आयग्राफ पॅकेजमधलं जोडलेले घटक शोधणारं फंक्शन पुरतं. अट भरणारे खण आणि त्यांच्यातल्या शेजारजोड्या द्या, जाळ्यांचे क्रमांक मिळतात.

फील्डवर काय बिघडतं ते आधी माहीत असलेलं बरं. एका खणाला दोन माणसांची १० मिनिटं धरली तर ४२ खणांना ७ तास लागतात. उधाणाच्या सुकतीतही पट्टी कामापुरती उघडी मिळते ती साधारण तीन तास. भांगाच्या, म्हणजे अष्टमीच्या आसपासच्या कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत तर पट्टीचा खालचा भाग उघडतच नाही, म्हणून तारखा पंचांग आणि भरती-ओहोटीचा तक्ता दोन्ही पाहून अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ठेवा. सुकतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटं पुढे सरकते. सलग तीन-चार दिवस मिळाले तर काम बसतं. पाणी चढलं म्हणून अर्धवट सोडलेलं जाळं "जेवढं झालं तेवढं" म्हणून नोंदवणं ही सगळ्यात महाग चूक. तिसऱ्या एका दिवसात लांब जात नाहीत. दुसऱ्या दिवशी तिथूनच पुढे चालू करा. तेही शक्य नसेल तर सालेही आणि सेबर यांनी १९९७ मध्ये दिलेली दोन टप्प्यांची रीत घ्या. ४०० खणांचे ५ बाय ५ चे १६ गट पाडायचे आणि जाळं गटाच्या हद्दीबाहेर जाऊ द्यायचं नाही. हद्द आधीच आखलेली असल्यामुळे अंदाज निःपक्षपातीच राहतो. सुकती संपली म्हणून थांबणं आणि आखलेल्या हद्दीवर थांबणं यात हाच फरक आहे.

अट किती ठेवायची? '१ किंवा जास्त' ठेवली तर जाळं अर्ध्या पट्टीभर पसरतं. फार वर ठेवली तर जाळी बनतच नाहीत आणि साधी यादृच्छिक पाहणीच उरते. आदल्या हंगामाचे किंवा छोट्या पूर्वपाहणीचे आकडे बघून, साधारण वरचे दहा-पंधरा टक्के खण अट भरतील अशी ठेवा, आणि वहीत लिहून ठेवा. एकदा पाहणी सुरू झाल्यावर ती बदलायची नाही.

मोबाइलच्या जीपीएसवर शेजारी ठरवू नका. उघड्यावर त्याची चूक ३ ते ५ मीटर असते, खारफुटीच्या सावलीत आणखी वाढते. १० मीटरच्या खणात तेवढ्याने माणूस शेजारच्या खणात जातो. बांबूच्या खुंट्या आणि १० मीटरवर गाठी मारलेली नायलॉनची दोरी हे जास्त भरवशाचं. मध्ये व्हाळ (ओढा) आडवा येत असेल तर त्याच्या पलीकडचा खण शेजारी धरायचा की नाही हेही आधी ठरवा. शेजारपण दोन्ही बाजूंनी सारखं असलं पाहिजे: अ चा शेजारी ब असेल तर ब चा शेजारी अ.

नदीत सुकतीला तिसऱ्या काढणाऱ्या बायकांना थर कुठे लागतो ते कुठल्याही नकाशापेक्षा नेमकं माहीत असतं. ती माहिती सोन्यासारखी आहे आणि ती वापरायची जागा म्हणजे पट्टीचे विभाग पाडणं: 'थर लागतो असं सांगितलेला भाग' आणि 'बाकी', दोन्हींत वेगळी यादृच्छिक निवड. त्यांनी दाखवलेल्या जागीच थेट खणून पूर्ण पट्टीची सरासरी सांगणं हा त्यांच्या माहितीचा दुरुपयोग आहे.

ही पद्धत कुठे घेऊ नये हेही सांगितलं पाहिजे. सारखे पसरलेले, सगळीकडे थोडेथोडे सापडणारे जीव असतील तर कडेच्या खणांवर केलेली मेहनत वाया जाते. वरच्या उदाहरणात ४२ पैकी १६ खण कडेचे होते, म्हणजे तपासलेले पण पहिल्या सूत्रात वजन शून्य. दुर्मीळ आणि गटाने राहणाऱ्या जिवांसाठीच ही किंमत परवडते.

एसपीसर्व्हे: विहिरींसाठी

इथे पॅकेज त्याच्या मूळ कामात आहे आणि काम सोपं आहे. विहिरींची यादी, अक्षांश-रेखांशासह. जीआरटीएसला मीटरमधले सहनिर्देशक लागतात. गोव्यासाठी यूटीएमचा ४३ उत्तर पट्टा, ईपीएसजी क्रमांक ३२६४३. अक्षांश-रेखांश अदलाबदल झाली तर विहिरी नॉर्वेच्या उत्तरेकडच्या समुद्रात जाऊन पडतात, तेव्हा निवडीआधी एकदा नकाशा काढून बघाच. खाणपट्ट्यातल्या आणि बाहेरच्या विहिरींचे दोन विभाग करा.

विहीर आटलेली असते, बुजवलेली असते, कधी मालक घरी नसतो. त्यासाठी दोन सोयी आहेत: मूळ निवडीसोबत राखीव यादी, किंवा प्रत्येक निवडलेल्या विहिरीच्या जवळच्या एक-दोन बदली विहिरी. राखीव यादी मूळ निवडीच्या मानाने फार मोठी घेतली तर नकाशावरचा समतोल बिघडतो. अशा वेळी जवळच्या बदली विहिरींचा पर्याय घ्या. राखीव यादी वापरायची ती क्रमानेच, रस्त्यालगतची आधी अशी नाही. आणि नोंदीत दोन गोष्टी वेगळ्या ठेवा. बुजवलेली विहीर आपल्या लोकसंख्येतच, म्हणजे ज्या विहिरींबद्दल अंदाज करायचा त्यांतच, नाही. मालकाने नकार दिलेली विहीर लोकसंख्येत आहे पण हाती लागली नाही. पॅकेजमधलं वजनं सुधारणारं फंक्शन या नोंदीवरच चालतं.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, मँगेनीजची मर्यादा लिटरला ०.१ मिलिग्रॅम आहे, दुसरा स्रोत नसेल तर ०.३. एखादी विहीर या मर्यादेवर गेली की शेजारच्या चार विहिरी तपासाव्याशा वाटतातच, आणि गावाच्या दृष्टीने ते बरोबरही आहे. तपासा. पण त्यांचे आकडे तालुक्याच्या सरासरीत मिसळू नका, वेगळ्या स्तंभात ठेवा. तिसऱ्यांचा ९५२ इथेही तसाच तयार होतो.

एक सूचना जुन्या वापरकर्त्यांसाठी: आवृत्ती ५ पासून पॅकेज नव्याने लिहिलेलं आहे आणि जुन्या स्क्रिप्ट त्यात चालत नाहीत. निकाल शेपफाइलमध्ये साठवू नका, स्तंभांची नावं दहा अक्षरांवर तुटतात. जिओपॅकेज फाइल करा. तीच क्यूफील्ड या मोफत ॲपमध्ये उघडते, मोबाइलला रेंज नसली तरी चालते आणि मराठीतल्या नोंदीही नीट राहतात.

क्रिगइन्व: खारेपणाची रेषा शोधायला

आता संगणक. खाडीच्या खारेपणाचं मॉडेल समजा पाच गोष्टींवर चालतं: नदीचा विसर्ग, भरतीची उंची, मानशीच्या दारांतली गळती, तळाचा खडबडीतपणा आणि मिसळण्याचा गुणांक. एका रनला, म्हणजे मॉडेल एकदा चालवायला, दोन-तीन तास. पाच गोष्टींच्या प्रत्येकी दहा किमती जोडून बघायच्या म्हटलं तर एक लाख रन. ते होणार नाही.

सुरुवात लॅटिन हायपरक्यूबने करा, म्हणजे प्रत्येक गोष्टीच्या पूर्ण पल्ल्याचे सारखे भाग पाडून प्रत्येक भागात एक रन पडेल अशी निवड. मॅके, बेकमन आणि कोनोव्हर यांची १९७९ ची ही रीत एलएचएस या छोट्या पॅकेजात आहे आणि त्यातला मॅक्सिमिन, बिंदू एकमेकांपासून लांब ठेवणारा, प्रकार घ्यावा. किती रन? लोएप्की, सॅक्स आणि वेल्च यांनी २००९ मध्ये सुचवलेला ठोकताळा म्हणजे प्रत्येक निविष्टीमागे (मॉडेलला दिलेल्या प्रत्येक गोष्टीमागे) १०, इथे ५०. सगळ्या निविष्टी ० ते १ मध्ये आणा. विसर्ग मात्र आधी लॉगवर घ्या. आमच्या नद्यांत तो पावसाळ्यात सेकंदाला शेकडो घनमीटर आणि उन्हाळ्यात जेमतेम काही घनमीटर असतो. सरळ मोजपट्टीवर घेतला तर पन्नासातले बहुतेक रन पावसाळ्यात जातात, आणि खारं पाणी तर उन्हाळ्यात शिरतं.

इथून पुढे प्रश्न नेमका विचारायला हवा. 'सगळ्यात जास्त खारेपणा कुठे' हा एक प्रश्न. त्याला जोन्स, शोनलाउ आणि वेल्च यांची १९९८ ची रीत आहे, डाइसऑप्टिम पॅकेजात. खाजनाच्या शेतकऱ्याचा प्रश्न तो नाही. साध्या भाताचं उत्पादन मातीच्या अर्काची विद्युतवाहकता मीटरला ३ डेसीसीमेन्सच्या वर गेली की घटू लागतं. म्हणून हवी ती मर्यादेची रेषा: कोणत्या परिस्थितीत ती ओलांडली जाते आणि कोणत्या नाही. क्रिगइन्व नेमकं याचसाठी आहे. ते डाइसक्रिगिंग या पॅकेजने गाउसियन प्रोसेस मॉडेल बसवतं आणि पुढचा रन त्या रेषेच्या आसपास, जिथे शंका जास्त आहे तिथे सुचवतं. कमाल शोधणारी रीत या कामाला लावली तर रन एका टोकाला जमतात आणि रेषा अंधारातच राहते.

पॅकेजात निवडीचे निकष बरेच आहेत. 'रंजन' आणि 'बिचोन' हे हलके, एका वेळी एकाच बिंदूचा विचार करणारे. 'एसयूआर' आणि 'टीआयएमएसई' पूर्ण क्षेत्रावरची शंका किती कमी होईल ते मोजतात, त्यामुळे गणनेला जड. रनला तीन तास लागत असतील तर निकषाने घेतलेली पाच मिनिटं काहीच नाहीत, सरळ 'एसयूआर' घ्या. संगणकाला चार कोर मोकळे असतील तर एका फेरीत चार बिंदू मागा. त्यासाठीचं समांतर फंक्शन पॅकेजात आहे. पूर्ण क्षेत्रावरची बेरीज ज्या बिंदूंवर केली जाते ते मोजकेच ठेवले तर सूचना प्रत्येक फेरीत इकडून तिकडे उड्या मारतात. असं दिसलं तर ते वाढवा.

नेहमीच्या अडचणी तीन. पहिली: दोन बिंदू फार जवळ आले की मॅट्रिक्स उलटता येत नाही आणि डाइसक्रिगिंग मायनर धन नसल्याची तक्रार करून थांबतं. नगेट, म्हणजे उत्तरात थोडा गोंगाट धरणारी संख्या, अगदी लहान, विचरणाच्या कोट्यंशाच्या आसपास, द्या, ती सुटते. नगेट मोठा करून ती तक्रार दाबली तर मॉडेल मोजलेल्या बिंदूंतूनही जात नाही. दुसरी: एखादा रन मध्येच कोसळतो आणि उत्तर येत नाही. रिकाम्या जागी सरासरी भरू नका. तो बिंदू वगळा, पण वेगळा नोंदवा, कारण कोसळलेले रन एकाच कोपऱ्यात जमत असतील तर तिथे खाडीचं मॉडेलच बिघडतंय. तिसरी: सुरुवातीच्या ५० रनवर काढलेले मॉडेलचे मापदंड शेवटपर्यंत तसेच ठेवणं. दर पाच-दहा रननंतर ते नव्याने काढा.

सूचनापुस्तिका तुटपुंजी आहे. निकषांमागचं गणित ज्याला ठाऊक नाही त्याला नावांवरून काही बोध होत नाही. पॅकेज उत्तम, पण शिकायला एखादा आठवडा बाजूला ठेवावा लागेल.

टीजीपी: मानशीच्या दारांसाठी

मानस म्हणजे बांधातली लाकडी दारांची पाणवाट. सुकतीला आतलं पाणी दार ढकलून बाहेर जातं, भरतीला बाहेरचं पाणी दार दाबून बंद करतं. याचा गणितावर परिणाम मोठा आहे. दार उघडं आणि दार बंद यांच्या मध्ये उत्तरात अचानक मोड येतो. डाइसक्रिगिंगसारखं सगळीकडे सारखाच गुळगुळीतपणा धरणारं मॉडेल त्या मोडाभोवती वर-खाली डोलतं, आणि मग ॲडॅप्टिव्ह निवड सगळे रन त्या डोलण्यावर खर्च करते.

ग्रामसी आणि ली यांचं टीजीपी क्षेत्राचे झाडासारखे तुकडे पाडतं आणि प्रत्येक तुकड्याला वेगळं गाउसियन प्रोसेस बसवतं. ते ज्या कामातून आलं ते नासाच्या परतीच्या बूस्टर-यानाचं होतं, जिथे ध्वनिवेगाच्या आसपास उत्तर असंच अचानक बदलतं. मानशीला ते लागू पडतं यात नवल नाही.

एक अडचण मात्र हमखास येते. हे झाड तुकडे पाडतं ते एका वेळी एकाच निविष्टीवर, अक्षाला काटकोनात. दार बंद होणं एका निविष्टीवर नाही, आतल्या आणि बाहेरच्या पातळीतल्या फरकावर ठरतं. दोन पातळ्या वेगवेगळ्या दिल्या तर झाड तिरक्या रेषेवर पायऱ्या-पायऱ्यांनी तुकडे पाडत बसतं आणि रन पुरत नाहीत. पातळीतला फरक हीच एक निविष्टी म्हणून द्या. एका काटछेदात काम होतं.

पुढच्या रनसाठी यात दोन निकष आहेत. डेव्हिड मॅके (लॅटिन हायपरक्यूबवाले मॅके वेगळे) यांचा १९९२ चा, सर्वात जास्त शंकेचा बिंदू घेणारा, आणि कोन यांचा, त्या बिंदूमुळे सगळीकडची शंका सरासरीने किती घटेल ते बघणारा. पहिला स्वस्त आहे पण क्षेत्राच्या कडांवरच घुटमळतो, कारण कडेला शंका नेहमीच जास्त. दुसराच घ्या. पॅकेज मार्कोव्ह साखळीवर, म्हणजे हजारो यादृच्छिक पावलांच्या गणनेवर, चालतं, म्हणून संथ आहे. काहीशे रनपर्यंत ठीक, हजारोंसाठी नाही. हजारोंकडे जायचं झालं तर लाजीपी हे स्थानिक तुकड्यांवर झटपट चालणारं पॅकेज बघा.

हेटजीपी: एकाच निविष्टीला दरवेळी वेगळं उत्तर

शिंपल्यांची अळी भरतीच्या प्रवाहात कुठे वाहून जाईल अशा मॉडेलमध्ये कण यादृच्छिक हलतात. तेच आकडे पुन्हा दिले तरी उत्तर बदलतं, आणि किती बदलतं तेही परिस्थितीनुसार: पावसाळी विसर्गाला जवळपास एकच, उन्हाळ्यातल्या संथ पाण्याला बरंच विखुरलेलं. तेव्हा प्रश्न दुहेरी होतो. नव्या ठिकाणी रन करायचा की जुन्याच ठिकाणी पुन्हा? बिनोआ, ग्रामसी आणि लुडकोव्स्की यांचं हेटजीपी हा निर्णय स्वतः घेतं. गोंगाट जास्त तिथे पुनरावृत्ती, कमी तिथे नवी जागा. पुढच्या काही रनचा अंदाज घेऊन पुनरावृत्तीची किंमत ठरवायची सोयही आहे, आणि ती चालू ठेवल्यास पुनरावृत्ती वाढतात. गणनेचा वेळ एकूण रनवर नाही, वेगवेगळ्या जागांच्या संख्येवर वाढतो. १०० जागी प्रत्येकी १० रन असले तरी मॅट्रिक्स १०० चीच. चौघांत हे सगळ्यात स्वच्छ लिहिलेलं पॅकेज आहे आणि त्यासोबतची सोदाहरण पुस्तिका नवशिक्याला पुरेल अशी आहे.

सुरुवातीचे सगळे बिंदू एकेकदाच चालवून सुरुवात करू नका. गोंगाटाचं मॉडेल शिकायला काही जागी तरी चार-पाच पुनरावृत्ती हव्यात, नाहीतर पॅकेज गोंगाटालाच वळणावळणाचं उत्तर समजून बसतं.

क्रिगइन्व, टीजीपी, हेटजीपी, कोणतंही घ्या, एकूण रनमधले १५ ते २० टक्के बाजूला ठेवा आणि ते वेगळ्या लॅटिन हायपरक्यूबने निवडा, निकषाच्या हाती देऊ नका. एकेक बिंदू वगळून केलेली पडताळणी पॅकेजं लगेच करून देतात आणि ती छान दिसते, पण ती पडताळणी तिथेच होते जिथे निकषाने बिंदू दाटीने टाकले आहेत, मर्यादेच्या रेषेजवळ. उरलेल्या क्षेत्रात मॉडेल किती चुकतं ते या बाजूला ठेवलेल्या रनवरच कळतं, आणि खाजनाच्या बांधावर निर्णय घेणारा माणूस बहुधा त्या उरलेल्या क्षेत्रातलाच प्रश्न घेऊन येतो.